जपानतात्या

माझी बायको सगुणा गेली त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून घरात माझ्याशी जपानी बोलणारं कुणी राहिलं नाही.

मागल्या महिन्यात सकाळी उठल्या उठल्या मी सुनेला "मिझु" म्हणालो. ती घाबरली, तिनं थोरल्याला मळ्यातनं बोलावून घेतलं आणि दोघं मिळून डॉक्टर आणायला निघाले. मला फक्त पाणी हवं होतं. सगुणा असती तर तांब्या भरून समोर ठेवला असता आणि वर चार शब्द सुनावले असते, तेही जपानीत.

बारामतीला कालव्याच्या कडेला मेथी-वांगी पिकवणाऱ्या दोन अडाणी माणसांना ही भाषा कुठनं आली, ते लिहून ठेवतो. माझी शाळा दुसरीत संपली. लिहिणं वाकडं-तिकडं होईल. ज्याला सरळ पाहिजे त्यानं दुसऱ्याचं वाचावं.

आमच्या मळ्याला लागून भागूआत्याचा मळा. ती माझी सख्खी आत्या नव्हे, पण सगळी वस्ती तिला आत्याच म्हणायची, कारण तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा सोपान. पोरवयात मुंबईला पळाला, एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरी आचारी झाला, आणि त्या शेठजींनी जपानात कोबे नावाच्या गावी पेढी काढली तेव्हा ह्यालाही बरोबर नेलं. शेठजींना तिकडं जेवण जाईना, म्हणून आमटीभाताला हा. बाप वारला तेव्हा आई एकटी पडली म्हणून परत आला. साल चौतीस असेल नाहीतर पस्तीस. तो आला तेव्हा मी नवा नवा लग्न झालेला होतो आणि तो चाळिशीच्या आसपास. बुटका, पोट पुढं आलेलं, डोक्यावर केस कुरणातल्या गवतासारखे आखूड कापलेले. वस्तीनं आठ दिवसांत सोपानतात्याचा जपानतात्या करून टाकला.

तात्याची पहिली खोड म्हणजे वाकणं. माणूस भेटला की कमरेत वाकायचा. भागूआत्या ओरडायची, "काय रं, उसण भरलीया का?" एकदा पोस्टमनपुढं वाकला. पोस्टमन नवा होता, त्याला वाटलं इथली रीत असेल, तोही वाकला. तात्या परत वाकला, कारण तिकडं म्हणे आधी थांबणं उर्मटपणाचं असतं. मग पोस्टमन वाकला. शेवटी आत्यानं मधे येऊन पोस्टमनच्या पिशवीला धरून त्याला रस्त्याला लावलं, नाहीतर बारामतीचं टपाल त्या दिवशी वाटलंच गेलं नसतं.

दुसरी खोड चपलांची. कुणाच्याही घरी गेला की दारात पडलेल्या सगळ्या वहाणा जोडीनं लावायचा, तोंडं बाहेरच्या बाजूला. एका बारशाला पन्नासेक माणसं जेवायला बसली आणि हा बाहेर वहाणा लावत बसला. लोक जेवून उठले तर कुणाला आपली वहाण आपण काढली तिथं सापडेना. दोघांची त्यावरनं मारामारी झाली. तात्या कोपऱ्यात उभा राहून दोघांपुढं आळीपाळीनं वाकत होता.

तिसरी खोड आंघोळीची, आणि ती शेजारच्या पणदरे गावात गाजली.

तिकडं म्हणे गळ्याइतक्या ऊन पाण्यात बसून राहतात. आपल्याकडं तांब्या-बादली. तात्याचा जीव त्या बसण्यासाठी तळमळायचा. पणदऱ्याला त्याच्या मावसभावाचं गुऱ्हाळ होतं. हंगाम संपला, शेवटचं आधण निघालं आणि गूळ ढेपेला लागला. ज्या मोठ्या कढईत रस उकळतात ती काहील चुलवाणावर तशीच होती. चुलवाणात निखारा जिवंत होता. काहील धुवायची म्हणून गूळ करणाऱ्या गुळव्यानं तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि तो भाकरी खायला गेला. तात्यानं इकडं तिकडं बघितलं, भाजू नये म्हणून बुडाखाली एक फळी घातली आणि उतरला की काहिलीत!

गुळव्या परत आला तर काहिलीत माणसाचं मुंडकं, डोळे मिटलेले, डोक्यावर फडकं. त्यानं जी बोंब ठोकली ती निरेपर्यंत गेली असेल. गाव जमलं. तात्या डोळे उघडून म्हणतो, "ओरडू नका. लई बरं वाटतंय. तुमी बी या."

ते सगळं एक वेळ खपलं असतं, पण काहील धुतलेली नव्हती. तिच्या कडांचा सगळा गूळ त्या पाण्यात उतरला होता. तात्या बाहेर आला तो पाकातल्या करंजीसारखा. पणदऱ्याहून बारामतीला चालत येईपर्यंत अंगावर धूळ, माश्या, आणि वाटेत लिंबाखाली टेकला तर मुंगळे. आत्यानं त्याला दारातच उभा केला. "ह्यो कोण आणलाय? माझा सोपान ह्याच्या आत हाय का?" म्हणाली, आणि घागरींवर घागरी ओतल्या. थंड पाण्याच्या.

आता खरी गोष्ट. तात्या चपला लावत आणि वाकत फिरायचा, पण त्याचा जीव एका जागी अडकलेला होता. कोबेला त्यानं लग्न केलेलं होतं. बायकोचं नाव किकू. तिचा बाप जुना शाळामास्तर, त्यानंच तात्याला भाषा शिकवली, हातात पंखा धरून. चुकलं की पंखा डोक्यात. तात्या आईला विचारायलाही आला होता की किकूला इथं आणू का. आई हो म्हणाली तर ती येणार. नाही म्हणाली तर तात्या आईला टाकून जाऊ शकत नव्हता आणि बायकोला टाकून राहू शकत नव्हता. बोटीत एक पाय आणि मळ्यात एक पाय, असा माणूस.

त्यानं आईला सांगितलं तेव्हा मी आणि सगुणा तिथंच वांगी भरत होतो. मला वाटलं, आता आत्या खुरपं घेऊन मागं लागते. आत्यानं एक वांगं उचलून टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "नाव काय?"

"किकू."

"म्हंजे?"

"शेवंतीचं फूल."

"मग शेवंता की. बदलायचं बी काम न्हाय. मराठी येतं का तिला?"

"दोन शब्द. 'चटणी' अन् 'गप बस'."

"मग मी भांडू कुणाशी?"

तात्या म्हणाला, "भांडायचं कशाला, आय?"

"कशाला म्हंजे? सासू-सून दिवसभर एका घरात. शब्दाला शब्द न्हाय, त्याला घर म्हणत्यात का मसनवाटा? मुकी सून मला नगं. एकतर तिला शिकीव, न्हायतर मला शिकीव."

किकू समुद्रापलीकडं. तिला कोण शिकवणार? राहिली आत्या. पण आत्याची आणखी एक अट. "मी एकलीच बडबडाया लागले तर लोक म्हणतील, म्हातारी झपाटली. समद्यांनी शिकायचं." अशी आमची शाळा भरली.

शाळा मळ्यात, चिंचेखाली, दिवस कलल्यावर. गुरुवारच्या बाजाराला मेथीच्या जुड्या बांधायच्या असत. हात जुडीवर, तोंड जपानीवर. आत्या, मी, सगुणा, आणि शेजारची दोन-तीन घरं. तात्या समोर उभा, हातात केळीच्या सोपटाचा पंखा. सासऱ्याची गादी चालवत होता.

तो म्हणायचा, "कामाचे शब्द म्हंजे बैल. तीन जातीचे हायत. पहिल्यांदा गरीब जात. 'तबेरू' म्हंजे खाणं. ह्याचं 'रू' हे शेपूट. शेपूट काढायचं, 'मास' जोडायचं. तबेमास. खातो. बैल हूं का चूं करत न्हाय. 'मिरू', बघणं. मिमास. 'नेरू', झोपणं. नेमास. आलं ध्यानात?"

आम्ही एका सुरात "तबेमास" म्हणायचो आणि जुडीला गाठ मारायचो.

"आता दुसरी जात. ह्ये जुंपताना मान हलीवत्यात. 'नोमू', पिणं. त्याला नुसतं 'मास' लावलं तर लावून घेत न्हाय. आधी 'मू'चा 'मी' व्हायला पायजे. नोमिमास. 'इकू', जाणं. इकिमास."

"आन तिसरी?" सगुणानं विचारलं.

"तिसरे मोकाट वळू. दोनच हायत. 'कुरू' आन 'सुरू'. येणं आन करणं. त्यांना कसला बी कायदा न्हाय. किमास, शिमास. पाठ करायचं आन वाटंतनं बाजूला व्हायचं."

मग एक दिवस त्यानं 'काएरू' काढला, म्हणजे घरी परतणं. दिसायला गरीब जातीचा, शेवटी 'रू' आहे. सगळ्यांनी शेपूट काढलं, "काएमास". तात्यानं पंखा आपटला. "चुकलं! काएरिमास. ह्यो दिसायला गरीब, पर मान हलीवतोय."

आत्या म्हणाली, "माझी थोरली जाऊ."

तो शब्द आत्याला सगळ्यांत लवकर पाठ झाला.

नावांमागं लागणारे जे बारके शब्द, आपले 'ला', 'नं', 'त', त्यांना तात्या देठ म्हणायचा. देठाशिवाय वांगं बाजारात उभं राहत नाही आणि देठाशिवाय शब्द वाक्यात उभा राहत नाही. "मिझु ओ नोमिमास. पानी पितो. 'ओ' हा पान्याचा देठ. हाताके नी इकिमास. मळ्याला जातो. 'नी' हा मळ्याचा." आणि विचारायचं असेल तर शेवटी 'का'. "तबेमास का?" खाता का? त्या 'का'ला सगळी शाळा खूश झाली. एक म्हातारा शेजारी म्हणाला, "आरं, ही तर आपलीच भाषा, परमुलखात जाऊन बिघडलीया!"

आत्याला मात्र देठ नको होते. "ह्ये बारकं बारकं मला लावू नगंस. भांडणात कोण देठ बघतंय?" तिनं कामाचे शब्द घेतले, 'का' घेतला आणि बाकी सगळं खुडून टाकलं.

बायका पुरुषांपेक्षा लवकर शिकल्या, त्याचं कारण सांगतो. तात्या म्हणाला, "तितं 'मी', 'तो', 'ह्ये' काय म्हणायची गरज न्हाय. नुसतं 'गेलं', 'आलं', 'जेवलं' म्हणायचं. कोण, ते ऐकणाऱ्यानं जाणायचं."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सगुणा माझ्याविषयी शेजारणीला सांगायची ते असं, "आले. जेवले. झोपले." ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "तात्या, मग आमी लगीन झाल्यापासनं जपानीच बोलतोय की!" तात्या इतका हसला की पंखा मोडला. तिनं माझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. मीही तिचं नाव चारचौघांत कधी घेतलं नाही. आता खुशाल घेतो. ती अडवायला नाही.

शाळेचा उपद्रव गावाला व्हायला लागला तो बाजारात. गुरुवारी आत्या भाजी घेऊन बसायची. कुणी वांगी चिवडली, दाबून बघितली आणि न घेता निघाला, की आत्या बोट दाखवून ओरडायची, "काएरे!" म्हणजे, चल, घरी नीघ! गिऱ्हाईकाला कळायचं नाही, पण आवाज कळायचा. एका बाईनं घरी जाऊन दृष्ट काढून घेतली. दुसरी परत येऊन मुकाट्यानं शेरभर वांगी घेऊन गेली, उगाच शाप नको म्हणून. आत्या संध्याकाळी तात्याला म्हणाली, "चांगली भाषा हाय रं. मराठीत येवढा वचक न्हाय."

पण तात्याचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी कोण म्हणाल तर त्याचा ढवळ्या बैल.

तात्याला कोबेत नांगर धरायला मिळाला नव्हता आणि शाळा भरायच्या आधी मळ्यात जपानी बोलायला माणूस नव्हता. म्हणून तो औताला जाताना बैलाशी बोलायचा. 'हैक' नाही, 'थिर्र' नाही. "आरुके" म्हणजे चाल, "तोमारे" म्हणजे थांब, "मावारे" म्हणजे वळ. ढवळ्याला औताला पहिल्यांदा जुंपला तो तात्यानंच, त्यामुळं तो हेच ऐकून शहाणा झाला. पुढं तो आत्याला शिंगं दाखवायला लागला. आत्यानं एका शब्दात निकाल लावला, "ईक." हा मराठीतला, म्हणजे वीक. तात्यानं त्याला इंदापूरच्या बाजारात नेला. अंथुर्ण्याच्या गणपतराव नावाच्या शेतकऱ्यानं दात बघितले, खांदा बघितला आणि घेऊन गेला.

तीन-चार दिवसांनी गणपतराव आमच्या बांधावर, घामानं निथळलेला.

"जपानतात्या, बैल बहिरा दिलासा."

"बहिरा? माझा ढवळ्या?"

"हैक म्हणतो, हालत न्हाय. चाबूक उगारतो, माझ्याकडं अशी नजर लावतो की मलाच लाज वाटती. काल बायकोनं लिंबू उतरलं त्याच्यावरनं. त्यो लिंबू खाऊन बसला."

तात्याचा चेहरा असा फुलला की गणपतरावाला वाटलं, हा माणूस आपली चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी तात्या अंथुर्ण्याला गेला, मला बरोबर घेऊन. वावरात ढवळ्या जू खांद्यावर घेऊन उभा, बाजूला अर्धं गाव. तात्या आधी बैलापुढं वाकला. मग हळूच म्हणाला, "आरुके."

ढवळ्या निघाला. नांगर मागं, गणपतराव नांगरामागं फरफटत. पार टोकाला गेला. तात्या ओरडला, "मावारे!" बैल वळला, जोडीचा बैलही वळला, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. "तोमारे!" थांबला.

बघ्यांतली एक म्हातारी म्हणाली, "करणी हाय."

"करणी न्हाय, काकू," तात्या म्हणाला, "दुसऱ्या जातीचे शब्द हायत. मान हलीवणारे."

त्यानं म्हातारीचा आणखीच गोंधळ झाला. पण गणपतराव शहाणा निघाला. बैल परत देतो म्हणाला नाही. "वढतोय झकास. तीनच शब्द हायत न्हवं? शिकीव." बांधावर बसून गणपतरावानं तीन शब्द पाठ केले. घोटाळा एवढाच झाला की त्याच्या घरचे बाकीचे बैलही ऐकून ऐकून शिकले आणि त्याच्या गड्यालाही हेच बोलावं लागलं. परत येताना तात्या छाती काढून म्हणाला, "आता आपली अंथुर्ण्याला शाखा निघाली."

इतकं सगळं झालं तरी आत्या "बोलव तिला" काही म्हणत नव्हती. तात्या रोज संध्याकाळी वाट बघायचा. मग एक दिवस भाजीत मीठ जास्त पडलं. तात्यानंच केलेली भाजी. आत्यानं घास तोंडात घातला, थुंकला आणि सुरू झाली. भाजी बघून "मिमास का?" म्हणाली, बघतोस का? "तबेमास का?" खातोस का? तात्यानं काहीतरी उत्तर दिलं. ती त्यावर चढली. तो रागानं बोलला, ती अंगावर गेली. देठ नाही, बूड नाही, नुसते बैल सुटल्यासारखे शब्द. आम्ही बांधावरून ऐकत होतो. मधेच तात्या थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी.

"आय," तो म्हणाला, "आपण भांडलो."

आत्यानंही जरा विचार केला. "व्हय की रं." मग ताट पुढं ओढलं. "बोलव तिला."

शेठजींमार्फत कोबेला निरोप गेला. वस्ती लगीनघरासारखी झाली. आत्यानं नवी चूल घातली. सगुणा भिंती सारवायला गेली. ती मला घरी आल्यावर म्हणाली, "शेवंताला पयल्यांदा मीच पानी विचारणार. मिझु ओ नोमिमास का. कुणी मधी पडलं तर बघा." दोन शेजारणींची त्यावरून बोलाचाली झाली, पहिलं पाणी कुणी विचारायचं.

महिने गेले. मग मुंबईहून शेठजींचा मुनीम गुळाच्या खरेदीला बारामतीला आला, तो निरोप घेऊन आला. किकूच्या वडलांच्या अंगावरनं वारं गेलं होतं. एक बाजू लुळी. त्यांना दुसरं कुणी नव्हतं. किकू त्यांना सोडून येऊ शकत नव्हती. तिनं तात्याला बोलावलंही नव्हतं. तुमची आई एकटी आहे, तिला बघा, एवढंच.

त्या संध्याकाळी शाळा भरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तात्या कालव्याच्या कडेला पाय सोडून बसायचा. कुणी गेलं तर वाकायचा नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याच्या दारात वहाणा आडव्यातिडव्या पडलेल्या बघितल्या तेव्हा मला धडकी भरली. सगुणानं त्या लावल्या, तोंडं बाहेर करून.

आम्ही दोघं आत होतो तेव्हाच आत्यानं विषय काढला. तात्या भिंतीला टेकून बसला होता. आत्या मिरच्यांचे देठ खुडत होती.

"तिच्या बापाला चालता येत न्हाय?"

"न्हाय, आय."

"बसता?"

"धरून बसवावं लागतं म्हणं."

"बोलता येतं?"

"तोंड शाबूत हाय."

आत्यानं मिरचीची टोपली बाजूला सारली. "त्याला चालता येत न्हाय. मला येतं. मग कुणी जायाचं?"

तात्याला कळलंच नाही. आम्हालाही नाही.

"असा बघतोस काय? तू मला हितं राखत बसलायस, ती बापाला तितं राखत बसलीया. येवढं शिकवलंस ते कशाला? कोंबड्यांना बोलाया?"

तात्या म्हणाला, "आय, ते लई लांब हाय. बोटीत लई दिवस..."

"तबेनासाय," आत्या म्हणाली. म्हणजे, जेव आधी. आणि त्याच्यापुढं भाकरी सरकवली. चार दिवसांत पहिल्यांदा तात्या जेवला.

वस्तीनं खूप अडवलं. या वयात? त्या मुलखात काय खाशील? समुद्र ओलांडलास तर जातीत परत घेतील का? भावकीतला एक जण मोठ्या तोंडानं म्हणाला, "समुद्र वलांडणं म्हंजे धरम बुडतो, वयनी."

आत्या म्हणाली, "कालवा रोज वलांडते. ह्यो जरा रुंद असंल."

कागदपत्रं शेठजींनी करून दिली. मळा वाट्यानं आमच्याकडं दिला. वस्तीतल्या बायकांनी चटण्या कुटल्या, कारण सगळ्यांना वाटत होतं की जपानात तिखट नाही म्हणून माणसं वाकत असावीत.

ते तिकडं पोचले हे खरं. पुढल्या वर्षी मुनीम परत आला तेव्हा त्यानं सांगितलं की म्हातारी आणि व्याही रोज सकाळपासून भांडतात, आणि त्या भांडणापायी व्याही स्वतःहून उठून बसायला लागलेत. किकू म्हणे दोघांच्या मधे बसून हसते. पुढं शेठजींनी पेढी उठवली, मोठी लढाई लागली, त्या गावावर बाँब पडले असं ऐकलं. कुणाचंच काही कळलं नाही. सगुणा वर्षानुवर्षं म्हणायची, "आत्यानं बाँबला बी काएरे म्हटलं असंल." मी तेच खरं धरून चाललोय.

माझ्या डोळ्यांपुढं तात्या आहे तो बारामतीच्या ठेसनावरचा. तेव्हा दौंडला लहान रुळांची छोटी गाडी जायची, बैलगाडीपेक्षा थोडी जलद. सारी वस्ती आली होती. गार्ड आत्याच्या गाठोड्यापाशी अडून बसला, कारण त्यात वरवंटा निघाला. "आजी, दगूड कशाला नेता?"

"पाटा तितं मिळंल. वरवंटा हाताचा लागतो," आत्या म्हणाली, आणि मग तिनं त्याला जपानीत जे सुनावलं त्यातलं निम्मं मलाही कळलं नाही. गार्डनं शिट्टी तोंडात घातली.

तात्या सगळ्यांपुढं वाकला. प्रत्येकापुढं, एकेकदा. सगुणापुढं आला तेव्हा तीही वाकली, पदर सावरून, आणि आधी थांबायचं नाही म्हणून परत वाकली. मी तिचा दंड धरला तेव्हा कुठं तात्याला गाडीत चढता आलं.

गाडी सुटली तरी आम्ही तिच्या बरोबरीनं चालू शकत होतो. कालव्याच्या पुलापर्यंत दोघं खिडकीशी चालत गेलो. आत्या आयुष्यात इंदापूरच्या पुढं गेलेली नव्हती. मला वाटलं, ही रडंल, मळ्याकडं मान वळवून बघंल. ती इंजिनाच्या दिशेनं तोंड करून, खिडकीची चौकट दोन्ही हातांत धरून बसली होती. वाऱ्यानं पदर उडत होता, आणि डोळे पुढं, कुठं वळण येतंय का ते बघत. दोनदा समुद्र ओलांडलेला तिचा लेक तिच्या मागं बसला होता. त्यानं खिडकीतनं मान बाहेर काढली होती आणि बारामती दिसंनाशी होईपर्यंत लहान पोरासारखा रडत मागं बघत होता.